सतरा मिनिटांचा थांबा

नगरपालिकेचा फॉर्म आलाय.
किशोरवयीन वाचक काय वाचतात? का वाचतात?
खाली तीन चौकटी : करमणूक, अभ्यास, माहिती.
आणि 'इतर'साठी एक रेघ,
माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

मी वेइयो. एकवीस हिवाळे पुस्तकांची बस चालवतोय
इनारीच्या तळ्याच्या काठाकाठानं.
डिसेंबरात इकडे सूर्य उगवायचंच विसरतो.
दुपारी पावणेतीनला शाळेच्या वळणावर थांबतो,
तेव्हा सगळ्या रस्त्यावर उजेड म्हणून काय तो माझ्या बसचा.
पोरं बूट आपटत चढतात,
पायरीवर बर्फाचं पीठ सांडतं.
थांबा सतरा मिनिटांचा.

सुन्ना वाळवंट वाचते.
म्हणजे वाळवंटातले खून. उंट, विहीर, विहिरीत प्रेत.
तिच्या बापाची रेनडियर किती, हे इकडे कुणी विचारत नाही,
विचारणं म्हणजे परक्याच्या खिशात हात घालणं.
पण तिच्या हातमोज्यांना त्यांचा वास येतो,
आणि बाहेर उणे एकतीस असताना ती मला विचारते,
"उन्हानं माणूस किती वेळात मरतो?"
पुस्तकात बघ, मी म्हणतो.
"बघितलं. पटलं नाही."

इरो काही वाचतच नाही, असं त्याची आई सांगते.
इरो उजवीकडून डावीकडे जाणारी चित्रांची पुस्तकं नेतो,
एका खेपेला नऊ, हनुवटीखाली दाबून.
त्यातल्या पोरांचे डोळे बशीएवढे,
रडतात तेव्हा अख्खं पान रडतात,
आणि कुणी त्यांना म्हणत नाही, पुरे आता.
ह्याला कुठली चौकट?

तोउको स्नो-स्कूटर दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक नेतो.
ही चौथी वेळ.
त्याच्याकडे स्नो-स्कूटर नाही.
आत एक बारीक पुस्तक असतं, मुखपृष्ठावर दोन मुलगे,
होडीत बसलेले, वल्ही पाण्याबाहेर.
मी दोन्हींची नोंद करतो,
नाव मोठ्यानं वाचतो ते वरच्याचंच.
"इंजिन सुरू झालं का रे?"
"होतंय," म्हणतो, आणि कानाच्या पाळ्या लाल.
थंडीनंही होतात तशा.

पिल्वी आता माझ्याकडचं काहीच नेत नाही.
फोनवर वाचते, रात्री दोनला, पांघरुणात.
कुठल्या देशातली कोण मुलगी, दर शुक्रवारी एक प्रकरण लिहिते :
बुडालेलं शहर, त्यातली घंटा वाजवणारी बहिरी राणी.
सहा शुक्रवार झाले, प्रकरण नाही.
"तिला काही झालं असेल का?"
मला विचारते, जणू मी सगळ्या पुस्तकांचा पोलीस.
"परीक्षा असेल," मी म्हणालो.
"परीक्षा सहा आठवडे?"
ह्यावर माझ्याजवळ काही नव्हतं.
त्या रात्री गॅरेजमध्ये, हीटर चालू ठेवून,
पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली.
शुद्धलेखनाचा आनंदच.
राणीला घंटा ऐकू येत नाही, हादरा तेवढा तळव्यांना कळतो,
हे अकराव्या प्रकरणात आलं
तेव्हा मी बूट काढून बसच्या जमिनीवर पाय टेकवून बघितले.
अठ्ठावन्नाव्या वर्षी.

परवा शुक्रवार होता.
पिल्वी पायरीवरूनच ओरडली, "आलं!"
आणि मग कसली सतरा मिनिटं.
ती वाचत होती, मी मागून डोकावत होतो,
सुन्ना म्हणाली, मोठ्यानं वाच की,
इरो नऊच्या नऊ पुस्तकं तशीच धरून उभा,
तोउकोनं दार ओढून घेतलं, वारा येत होता म्हणून.

पुढच्या थांब्याला एकोणतीस मिनिटं उशीर.
केर्तूबाई उभ्या होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या,
हातात विणकामाचं मासिक, भुवयांवर दहिवर गोठलेलं.
"मेलीस की जगलीस, बघायला तरी वेळेवर येत जा."
"राणी पळाली," मी म्हणालो.
"बुडालेल्या शहरातून. पाण्यावरून. अनवाणी."

त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला.
मासिक काखेत मारलं.
"एकटीच?"